दुसऱ्याचा जोड

आमच्या धंद्यात एक कायदा आहे आणि तो लोखंडाइतका जुना आहे: दुसऱ्याचा जोड कापायचा नाही. मला तो सांगितला गेला तेव्हा माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डरसुद्धा दिलेला नव्हता, म्हणजे कायदा कामाच्याही आधीचा. पुढे मी चौकशी केली. अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुसरं दुकान उघडलं, त्या वर्षी हा कायदा झाला. त्याआधी एकच दुकान होतं आणि त्याला कायद्याची गरज नव्हती.

कायद्याला पोटकलमंही आहेत. प्रत्येक दुकानाचा एक शिक्का असतो. जोड मारून झाला की तो गरम असतानाच त्याच्या शेजारी छिन्नीसारखा एक ठसा ठेवून हातोडा मारायचा. कोणाचा त्रिकोण, कोणाची फुली. माझं नुसतं टिंब आहे, कारण मी दुकान टाकलं तेव्हा बाकीचे आकार संपले होते. ज्याचा शिक्का, त्यानंच तो जोड पुन्हा उघडायचा. दुसऱ्याला कापावाच लागला तर त्यानं कापलेला तुकडा स्वतः नेऊन शिक्क्याच्या मालकाच्या हातात द्यायचा आणि तोंडावर म्हणायचं, ‘तुमचा जोड कापला.’ मोबाईलवर फोटो पाठवून चालत नाही. हे सगळं फार थोर वाटतं. मी धंद्यात आल्यापासून ते एकदाही घडलेलं पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक परत पाठवणं सगळ्यांनाच सोपं जातं.

पहिलं दुकान उस्तादांचं. त्यांचा शिक्का चांदणी. मी त्यांच्याकडे चार वर्षं काम शिकलो, त्यामुळे त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर नाही. ते मला ‘मास्तर’ म्हणतात, कारण जेवणाच्या सुटीत मी पुस्तक वाचायचो. आमच्या रस्त्यावर वाचणारा वेल्डर हा पिणाऱ्यापेक्षा जास्त संशयाचा विषय आहे. पिणाऱ्याच्या तोंडाला निदान वास येतो. नंतर मी रस्ता ओलांडून त्यांच्या बरोबर समोर दुकान घातलं. जागा तीच रिकामी होती, असं मी सगळ्यांना सांगतो.

त्या हिवाळ्यात अमरावतीच्या कुठल्याशा मंडळानं उस्तादांना जीवनगौरव जाहीर केला. लगेच आमच्या रस्त्यावर फ्लेक्स लागला. तो लावला वेल्डिंगवाल्यांच्या संघटनेनं, जिचे अध्यक्ष उस्ताद आहेत, आणि त्याची लोखंडी चौकट उस्तादांच्याच दुकानात झाली. मजकूर होता: ‘लोखंडात प्राण फुंकणारे हात’. फोटो छातीपर्यंतचाच होता. हात आले नव्हते.

सत्काराच्याच दिवशी सकाळी पातूरकडची एक बाई ट्रॅक्टरला थ्रेशर जोडून आली. पंचेचाळिशीची असेल. नवरा शाळेत शिक्षक, मशीनचा सगळा कारभार हिच्याकडे. हंगामात ती गावोगाव तूर काढून देते आणि ट्रॅक्टर स्वतः चालवते. आधी ती समोर गेली, कारण ड्रमवर चांदणी होती. रस्ता अरुंद आहे. मी ऐकू नये अशी कोणाची इच्छा असली, तरी तशी सोय नाही.

“उस्ताद, ड्रम पाहा ना जी जरा. जोडाजवळ रेघ दिसून राहिली.”

“रंग उडाला हाय तिथला.”

“रंग तं मागच्या वर्षीच उडाला. रेघ आत्ता आली.”

“बाई, चांदणी दिसते का तुमाले?”

“दिसते.”

“मंग घरी जा. माहा जोड उघडत नसते.”

ती घरी गेली नाही. ट्रॅक्टर वळवून माझ्या दारात आणला आणि बसल्या जागेवरून म्हणाली, “भाऊ, तुमाले बी चांदणीच दिसते का रेघ बी दिसते?”

ज्यांनी थ्रेशर आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत दोन टोकांच्या बेअरिंगांवर फिरणारा एक जाड शाफ्ट असतो, त्यावर लोखंडी चकत्या आणि चकत्यांवर शेंगा झोडणाऱ्या पट्ट्या. हा सगळा ड्रम ट्रॅक्टरच्या जोरावर असा फिरतो की पट्ट्या दिसत नाहीत, नुसता वारा लागतो. चकती शाफ्टला जिथे जोडलेली असते तिथे तुटली, तर ती मशीनच्या आत राहत नाही. तोंडाशी उभं राहून जो कोणी तुरीच्या पेंढ्या आत टाकत असतो, त्याच्याकडे येते.

“तोंडाशी कोण असते?” मी विचारलं.

“मीच. मजुराले काही झालं तं त्याच्या घरी जाऊन मी काय सांगू?”

मी जोडावर डिझेल लावलं, थोडा वेळ थांबून फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. लोखंडाला चीर असेल तर डिझेल तिच्यात शिरून बसतं आणि हळूहळू खडूवर उतरतं. आम्ही दोघं पाहत राहिलो. पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. ती चकतीच्या एका अंगानं निघून शाफ्टला वळसा घालून अर्ध्याहून पुढे गेली होती.

बाईनं हात मागे घेतले आणि पदराला पुसले.

कायद्यानं मी उस्तादांना बोलवायला गेलो. ते पांढरा कडक कुर्ता घालून, केस काळे करून तयार होते. अमरावतीहून गाडी येऊन उभी होती. ते आले. शेजारचा लेथवालाही आला, कारण तो कुठेही येतो.

“हे काय फासलं?”

“डिझेल अन् खडू.”

“डिझेल लावून खडू घासला तं भिंतीलेबी रेघ येते. पुस्तकात वाचलं वाट्टे मास्तरनं.”

“तुमीच शिकवलं होतं,” मी म्हणालो. ते खरंही होतं.

“म्या शिकवलं तवा मशीन वेगळी होती.”

लेथवाल्यानं मान डोलावली. तो दोन्ही बाजूंना मान डोलावतो, कारण लेथचं काम त्याला दोन्ही दुकानांकडून मिळतं.

बाई ट्रॅक्टरवरून उतरली. “उस्ताद, जोड पक्का हाय म्हणता नं?”

“छातीवर हात ठेवून सांगतो.”

“छातीवर नका ठेवू. इथी उभे राहा, मशीनच्या तोंडाशी. मी पट्टा चढवते. पाच मिनिट. मंग मी गुमान घरी जाते.”

उस्तादांनी मशीनच्या तोंडाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“मले अमरावतीले जायाचं हाय. गाडी उभी हाय.”

“पाच मिनिटाचं काम हाय.”

“सत्काराचे कपडे हायेत बाई.”

“मंग काढून ठेवा.”

लेथवाला हसला आणि लगेच खोकला. उस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. “अन् तू. हात लावला तं पाह्य.”

“काय पाहू?”

“संघटनेत विषय घेतो.”

मी ते बाईसाठी केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तिच्यासाठी एवढंच केलं की रेघ दाखवली. ग्राइंडर उचलला तो उस्तादांसाठी. त्यांची चांदणी कापायची संधी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळत होती, आणि तीही धर्मकार्य म्हणून. अशा वेळी माणसानं आपल्या मनात फार वाकून पाहू नये.

चकतीचं वजन जॅकवर घेतलं आणि जोड कापला. आत सळईचे दोन तुकडे निघाले. चकती आणि शाफ्ट यांच्यामध्ये फट होती. ती खाच पाडून तळापासून थरावर थर भरत आणायची असते. त्याला निम्मा दिवस लागतो. उस्तादांनी फटीत इमारतीच्या सळईचे दोन तुकडे ठेवले होते आणि वरून एक पातळ, अतिशय सुबक थर फिरवला होता. मी असा सुबक थर आजवर मारलेला नाही. बाई दोन हंगाम त्या थराच्या समोर उभी होती.

चांदणीसकट कापलेला तुकडा हातात घेऊन मी रस्ता ओलांडला. उस्ताद अजून गाडीत बसतच होते.

“उस्ताद, तुमचा जोड कापला.”

वाक्य ठरलेलंच आहे, पण ते म्हणताना मला फार बरं वाटलं. त्यांनी तुकडा घेतला. फिरवून पाहिला. सळईची बाजू त्यांना दिसली, दिसली नसेल असं मी मानत नाही. मग चांदणीवरून अंगठा फिरवला.

“शिक्का तं चांगला उमटला होता,” ते म्हणाले.

आणि तुकडा त्यांनी आपल्या भंगाराच्या ढिगावर टाकला. बाहीला काळा डाग लागला. त्यांनी तो रुमालानं पुसला, तसा तो पसरला. “परत आल्यावर पाहतो तुले,” असं म्हणून ते सत्काराला गेले.

दुपारभर मी तो जोड मारला. इथे मला माझ्याबद्दलही सांगणं भाग आहे. रस्त्यावरची चार दुकानं बंद पडल्यासारखी झाली होती, सगळे माझ्या शेडसमोर. मी खाच पाडली, मोजली, लोकांना दाखवली. रॉड आधी तापवून कोरडे केले आणि ते का करायचे हे कोणी विचारलं नसताना समजावलं. लेथवाला म्हणाला, “ड्रम बाहेर काढून घ्या ना मास्तर, या मशीनची दोन्ही बेअरिंगं यंदाच नवी टाकली म्या.” ड्रम काढायला वेळ गेला असता. उस्ताद परतायच्या आत मला काम संपवायचं होतं. ड्रम जागेवर ठेवूनच, हातानं फिरवत फिरवत जोड भरला. शेवटी टिंब मारलं. चांदणीच्या जागी टिंब फार लहान दिसतं, म्हणून दोनदा मारलं.

बाई रात्री अकोल्यात बहिणीकडे राहिली. सकाळी आली तेव्हा तिच्या ट्रॅक्टरवर तुरीच्या थोड्या पेंढ्या बांधलेल्या होत्या. त्या तिनं आदल्या दिवशी घरूनच आणल्या होत्या. समोर उस्ताद गळ्यात शाल घेऊन पेढे वाटत होते.

“भाऊ, आता तुमी उभे राहा.”

याची मी तयारी केली होती. मशीनच्या तोंडाशी गेलो. बाईनं पट्टा चढवला, ट्रॅक्टर चालू केला, ड्रम फिरू लागला. मी हात पाठीमागे बांधले. कोणी फोटो काढत नाही हे मला खटकलं, हे कबूल करतो.

“बंद करा! अहो बंद करा ते!”

उस्ताद पेढ्यांचा डबा घेऊन रस्ता ओलांडत होते. मला वाटलं, जळले. जळू द्या. बाईनं मात्र ट्रॅक्टर लगेच बंद केला. पैज मारणारी माणसं आणि मशीन चालवणारी माणसं यांत हाच फरक असतो.

“पुन्हा चालू करा. हळू. अन् मास्तर, तू हो बाजूले.”

माझ्याच फळीवरचा लांब पेचकस त्यांनी घेतला. त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. असं त्यांना मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मग दुसऱ्या बेअरिंगला लावलं. बंद करायची खूण केली.

“अर्थिंग कुठी लावलं होतं?”

उत्तर तिथेच लटकत होतं. अर्थिंगचा चिमटा कालपासून थ्रेशरच्या सांगाड्यालाच होता, मी तो काढायलाही विसरलो होतो. वेल्डिंगचा करंट होल्डरकडून चिमट्याकडे जातो. चिमटा ड्रमला लावला असता तर करंट ड्रमच्या ड्रममध्ये राहिला असता. मी जोड मारत होतो ड्रमवर आणि चिमटा सांगाड्याला. मधला रस्ता एकच, बेअरिंग.

“सारा करंट बेअरिंगच्या गोयांतून गेला,” उस्ताद जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाले. “फुटाण्यावानी भाजल्या असतील. दोन गावं झाली असती का बेअरिंग जाम. शाफ्ट गेला असता वर, अन् ड्रम आला असता भायेर. हे पह्यल्या आठवड्यात शिकवतो मी.”

“शिकवलं होतं,” मी म्हणालो.

“मंग?”

“तवा मशीन वेगळी होती.”

लेथवाल्याशिवाय कोणी हसलं नाही. मी आभारही मानले नाहीत. उस्तादांना त्यांची अपेक्षा नव्हती. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, सगळा रस्ता तिथे उभा होता. “तू मेला असता,” ते म्हणाले, “तं संघटनेले एक दिवस दुकानं बंद ठेवा लागली असती. ऐन तुरीत.”

बाईनं हे सगळं ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो ओरडणाऱ्या माणसाचा नव्हता. हिशेब जुळत नाही असं मुलांना सांगणाऱ्या माणसाचा होता.

“एकाच्या जोडात सळई, दुसऱ्यानं बेअरिंग भाजलं,” ती म्हणाली. “तुमाले दोघाईले जोडलं तरी एक मिस्त्री निघत नाही. अन् बोर्ड पाहा किती मोठाले लावले.”

“बोर्ड माहा मोठा नाही,” मी म्हणालो.

“तुमचं तोंड हाय.”

लेथवाल्यानं बेअरिंगं आणली आणि यावेळी ड्रम बाहेर काढला. काढलेली बेअरिंगं फोडून पाहिली. आतली कडी गुळगुळीत हवी ती धुण्याच्या दगडासारखी झाली होती, रेघाच रेघा. उस्तादांनी ती रेघाळ कडी हातोहात फिरवली, पेढ्यांच्या डब्यासारखीच. माझा जोड त्यांनी नखानं खरवडून, दोरा लावून, वाकून पाहिला. त्यात दोष सापडला नाही, म्हणून म्हणाले, “लई मसाला भरला.”

ड्रम बसला. तो हातानं फिरवून उस्तादांनी पुन्हा पेचकस लावला आणि बेअरिंग आता बरं वाजतं असं सगळ्यांना सांगितलं. बाईनं पट्टा चढवला आणि म्हणाली, “उभे राहा.”

मी गेलो.

“दोघंही.”

उस्तादांनी मागे पाहिलं. मागे लेथवाला होता, तो बाजूला झाला. “मी कावून? जोड त्याचा हाय.”

“जोड त्याचा. पण बेअरिंग आता बरं वाजते म्हणून तुमीच सांगून राहिले नं मघापासून साऱ्याईले? मंग तो जोडासाठी उभा राहीन, तुमी कानासाठी.”

“शाल हाय माह्या अंगावर.”

“राहू द्या. थंडी हाय.”

आदल्या दिवशी गाडी उभी होती, आज नव्हती. आणि सगळा रस्ता उस्तादांनी स्वतःच गोळा केलेला. ते येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. मशीनचं तोंड एका माणसापुरतं असतं. खांद्याला खांदा लागला. चार वर्षं त्यांच्या दुकानात होतो तेव्हाही आम्ही इतके जवळ उभे राहिलेलो नव्हतो. बाईनं ड्रम पूर्ण वेगात आणला आणि पेंढ्या आमच्या हातात देऊ लागली. मी एक टाकायचो, मग उस्ताद एक टाकायचे. तुरीचा भुस्सा केसांत, नाकात, शालीच्या झालरीत. त्या दहा मिनिटांत आम्ही एकमेकांशी दोन वाक्यं बोललो.

“सरक.”

“तुमी सरका.”

दुसरं काही बोलण्याची आमची मनःस्थिती नव्हती. मी ड्रमकडे पाहत होतो आणि माझ्या जोडाचा विचार करत होतो, आणि पहिल्यांदाच मला कळलं की बाई दोन हंगाम कशाकडे पाहत उभी होती. उस्ताद कशाचा विचार करत होते ते मी विचारलं नाही. त्यांच्या हातातली पेंढी हलत होती. माझीही हलत होती. ती ड्रमच्या वाऱ्यानं, असं आमच्यात न बोलता ठरलं.

पेंढ्या संपल्या. बाईनं मशीन बंद केली आणि बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवला. नुसतं कोमट. मग माझ्याकडून डिझेल आणि खडू मागून घेतला आणि जोड स्वतः तपासला. आम्ही दोघंही थांबून पाहत होतो, निकालाच्या बोर्डासमोर उभं राहिल्यासारखे. खडू पांढराच राहिला. तिनं तो फडक्यानं पुसला, खडूचा तुकडा आपल्या पिशवीत टाकला आणि निघून गेली. त्या हंगामात मशीन पातूरच्या बाजूला गावोगाव चालली. तिचे दोन्ही हात जागेवर राहिले.

संघटनेत माझा विषय निघाला. ठपका ठेवला तो जोड कापल्याबद्दल नाही, कारण तुकडा मी रीतसर दिला होता, तर अर्थिंग चुकीचं लावून रस्त्याची बदनामी केल्याबद्दल. सळईचा उल्लेख निघाला नाही. अध्यक्षस्थानी उस्ताद होते. शेवटी एक ठरावही झाला: यापुढे फिरत्या मशीनचा जोड ज्यानं मारला, त्यानं गिऱ्हाइकासमोर मशीनच्या तोंडाशी उभं राहून ती चालवून दाखवावी. पुढच्या दसऱ्याच्या पूजेत उस्तादांनी भाषणात सांगितलं की ही परंपरा त्यांच्या गुरूंपासून चालत आली आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. न वाजवणं लोकांच्या लक्षात येतं.

आम्ही तेव्हापासून बोलत नाही. ते गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवताना म्हणतात, “तिकडे जा, पण बेअरिंग घरून आणजा.” मी त्यांच्याकडे पाठवताना म्हणतो, “जा, सळईचं काम चांगलं करतात.” दोघांची दुकानं चालतात. ठराव झाल्यापासून फिरत्या मशीनचं काम मात्र रस्त्यावर कोणी लवकर घेत नाही. ज्याच्या त्याच्या हाताला त्या दिवशी दुसरंच काम असतं.

पुढच्या तुरीला बाईनं जुनी मशीन विकून नवी घेतली. गावाकडे नेताना तिनं ट्रॅक्टर आमच्या दोन दुकानांच्या बरोबर मधे थांबवला. आम्ही दोघंही बाहेर आलो आणि आपापल्या बाजूनं वाकून आत पाहिलं. चकत्या शाफ्टवर नट-बोल्टनं बसवलेल्या होत्या. ड्रमवर एकही जोड नव्हता. पाना तिच्या सीटखाली होता.